सहामाहीचं वाचन: यंदा बहुतेक सगळं मोठ्यानं

पंचगंगा

जून संपला की मी वाचनाची वही काढून बसते. जानेवारीपासून काय वाचलं, काय अर्धवट सोडलं, कशाची दोन पानं उतरून घेतली, सगळं त्यात असतं. एका पुस्तकाला एक ओळ. दर सहामाहीला पंचवीस-तीस ओळी होतात. यंदा नऊच झाल्यात. त्यांपैकी सात पुस्तकं मी आईसाठी मोठ्यानं वाचली, रोज संध्याकाळी साडेसात ते साडेआठ, देवापाशी दिवा लावून झाला की.

आई ७४ वर्षांची आहे. दिवाळीनंतर तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा त्रास वाढला. मोतीबिंदू कधीच काढून झालाय, हे दुखणं वेगळं. पडद्याचा मधला भाग झिजत जातो. ज्याच्याकडं बघावं नेमका त्याच जागी धुरकट डाग येतो आणि कडेचं तेवढं दिसत राहतं. तिला दाराची चौकट दिसते, चौकटीत उभी असलेली मी दिसत नाही. पेपरचं पान दिसतं, अक्षर लागत नाही. भिंग आणलं, टेबलावरचा प्रखर दिवा आणला, थोडे दिवस त्यावर निभावलं. डिसेंबरात एके दिवशी तिनं चष्मा डबीत घातला आणि ती डबी कपाटात आतल्या बाजूला ठेवून दिली. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण दुपारी हातात पुस्तक नाही अशी आई मला आठवत नाही. त्या डबीकडं बघून मला दोन रात्री झोप लागली नाही.

भोगीच्या संध्याकाळी 'स्मृतिचित्रे' उघडलं. मी ते कॉलेजात असताना वाचलं होतं, म्हणजे वाचलंय असं मला वाटत होतं. लक्ष्मीबाई टिळकांना लिहिता-वाचता आलं ते लग्नानंतर, नवऱ्यानं म्हणजे कवी ना. वा. टिळकांनी शिकवल्यावर. टिळक गेल्यावर मुलाला, देवदत्तला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यानं आईकडं आठवणी मागितल्या आणि त्यातून हे पुस्तक झालं. पहिला भाग १९३४ साली आला, चौथा १९३६ साली, म्हणजे ज्या वर्षी त्या गेल्या त्याच वर्षी. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की ते वाक्य तोंडातून काढायला काहीही कष्ट पडत नाहीत. श्वास जिथं संपतो तिथं वाक्य संपतं. दुसऱ्या दिवसापासून माझा आवाज मला ऐकू येईना, समोर दुसरीच कुणी बाई बसून सांगतेय असं वाटायला लागलं.

त्यात वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन आहे. धान्यच काय, मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. मी वाचून पुढं निघाले तर आई म्हणाली, "थांब थांब. आणि उरायचं किती?" मी थांबले. इतक्या वर्षांत हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. ते मीठ धुणाऱ्या घरच्या बाईला मात्र तो रोज पडत असणार. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले ती बातमी येते आणि पुढची पाच वर्षं नवरा-बायकोच्या मध्ये केवढा तरी समुद्र पसरतो. तो भाग आला त्या दिवशी साडेआठ वाजले, नऊ वाजले, मी पान मुडपलं की आई म्हणायची, "वाच." दहाला भाकरी टाकल्या.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवते. या पुस्तकाची संक्षिप्त आवृत्तीही मिळते, आणि पुष्कळ घरांत तीच असते. माझ्याकडंही तीच होती. चाळीसेक पानांनंतर मला काही आठवणीतले प्रसंग सापडेनात, तेव्हा लक्षात आलं. मग पूर्ण आवृत्ती शोधून आणली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. घेताना बघून घ्या.

मोठ्यानं वाचताना तासाला वीस पानं होतात. मनातल्या मनात मी साठ करते. आधी याची फार तगमग व्हायची. मग हळूहळू कळलं की त्या साठ पानांत मी काय काय टाकून पुढं जात होते. निसर्गाचं वर्णन आलं की डोळा परिच्छेदाच्या तळाशी, मध्येच कविता आली की तीवरून उडी, दहा माणसांची नावं आली की पहिली दोन बस. डोळा उड्या मारत पळतो. जिभेला तशी सोय नाही. छापलंय ते सगळं म्हणावं लागतं.

मग 'बनगरवाडी'. आई माणदेशातली, म्हसवडजवळच्या वाडीवरची. लेखक व्यंकटेश माडगूळकरांचं माडगुळं तिथून फार लांब नाही. मला वाटलं होतं मी तिला वाचून दाखवतेय. प्रत्यक्षात चार पानांमागं एकदा तीच मला शिकवत होती. शेतात मेंढरं कशी बसवतात, एका रात्रीच्या खतासाठी शेतकरी काय धान्य देतो, रात्री मेंढरांभोवती जाळं उभं करतात त्याला वाघूर म्हणतात, ती वाघूर रोवताना खुंट कुठल्या अंगाला कलता ठेवायचा. हातांनी दाखवत होती. हवेत खुंट ठोकत होती. पुस्तक १९५५ सालचं, गोष्ट त्याहून आधीची, औंध संस्थानातली. मास्तर येतो, शाळा भरते, गावकरी तालीम बांधतात, आणि शेवटी दुष्काळ येऊन वाडी ओस पडते. धनगर मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात तो भाग वाचताना मी आईकडं बघितलं नाही. पुस्तक मिटलं तेव्हा ती म्हणाली, "बहात्तरला आमी बी असंच." १९७२ चा दुष्काळ. ती वीस वर्षांची होती, खडी फोडायला जायची. खायला तांबडा मिलो, म्हणजे बाहेरून आलेली ज्वारी, आणि सुकडी, एवढं मला ऐकून माहीत होतं. हातोडी कुणाची होती, एका पाळीत किती पाट्या व्हायच्या, पहिल्या दिवशी अंगठ्यावर घाव बसला तेव्हा मुकादम काय म्हणाला, हे त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं.

इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'नं, महाभारतावरच्या पुस्तकानं, आमच्या घरात भांडण लावलं. इरावतीबाई भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीवर बोट ठेवून बोलतात, उगीच कल्पनेच्या भराऱ्या नाहीत. पण धर्मराज हा विदुराचा मुलगा असावा का, ही शंका त्यांनी मांडलीय ती आईला मुळीच पटली नाही. तीन दिवस आम्ही पुढं सरकलो नाही. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "पटत नाही, पण बाई खोटं बोलत नाही. वाच पुढं." समीक्षेत मी याहून नेमकं काही वाचलेलं नाही.

'कोसला' अर्धवट राहिलं. मला वाटलं होतं पांडुरंगाचं बोलणं मोठ्यानं छान लागेल, आणि लागतंही. पण होस्टेलचं वर्ष आईला लांबलं. मी पानं उलटून त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते तिथं आले आणि ते मात्र मला मोठ्यानं वाचताच आलं नाही. दोन ओळींवर आवाज गेला. आईनं पदर सावरून दंड पुढं केला, देवीची लस टोचलेल्या खुणेवर माझं बोट ठेवलं आणि म्हणाली, "आमच्या वाडीत बी दोघी गेल्या होत्या." ते पुस्तक तिथंच मिटलं. पुढं वाचायचा आग्रह मी धरला नाही.

'ऋतुचक्र' महिन्याच्या महिन्याला वाचतोय. दुर्गाबाई भागवत चैत्रापासून सुरू करतात, आम्ही माघातच सुरू केलं. आमच्या दारात करंज आहे. झाड आईला एक हिरवा ढग एवढंच दिसतं, पण वैशाखात खाली फुलांचा सडा पडला तेव्हा ती चप्पल काढून त्यावर उभी राहिली आणि मला म्हणाली, "आता वाच." यंदा ज्येष्ठ अधिक आला. पुस्तकात महिने बारा, तेरावा कुठून आणायचा? आई म्हणाली, अधिकात मागचं पुन्हा. म्हणून चैत्र पुन्हा वाचला, आणि दुसऱ्या वेळी तो जास्त चांगला वाटला.

'वनवास' आणि 'रिंगाण'ही झाली, त्यांच्याबद्दल खाली कुणी विषय काढला तर लिहीन. आईशिवायची दोन म्हणजे 'आयदान', जे मी कामानिमित्त रत्नागिरीला येताजाता एस.टी.त वाचलं आणि आता वाटतं मोठ्यानंच वाचायला हवं होतं, आणि जी. ए. कुलकर्णींची 'काजळमाया'. जीए मी दोनदा आईपुढं सुरू केले आणि थांबवले. ते रात्री, एकटीनं, शब्द न उच्चारता वाचायचं लेखन आहे असं माझं मत झालंय.

तुमची सहामाही कशी गेली? किती पुस्तकं झाली हे नाही सांगितलं तरी चालेल. कशापाशी थांबलात ते सांगा.

---

सकाळची_७_१२

ताई, सकाळी लोकलमध्ये वाचलं आणि दादर कधी आलं कळलं नाही.

माझी सहामाही म्हणजे एकच पुस्तक, 'तुंबाडचे खोत', दोन्ही खंड. डोंबिवलीहून जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास, बसायला मिळालं तर. जानेवारीत पहिला खंड घेतला, मे अखेरीस दुसरा संपला. आमचं मूळ खेड तालुक्यातलं, जगबुडी नदी लहानपणी सुट्टीत पाहिलेली. पेंडशांची जगबुडी वाचताना मला पाण्याचा वास येत होता असं म्हटलं तर खोटं वाटेल, पण येत होता. चार पिढ्यांची माणसं डोक्यात ठेवणं मला जड जात होतं. लायब्ररीची प्रत होती. पन्नासेक पानं झाल्यावर सहज मागची कोरी पानं बघितली, तर तिथं कुणीतरी पेन्सिलीनं खोतांची वंशावळ काढून ठेवलेली. बारीक, स्वच्छ अक्षर. पण ती तिसऱ्या पिढीपाशी थांबली होती. त्या वाचकानं पुस्तक तिथंच सोडलं की आणखी काही झालं, देव जाणे. मी चौथी पिढी भरली आणि मग पुस्तक परत केलं. पाच महिन्यांत मी जे काही केलं त्यातलं हे मला सगळ्यात आवडलेलं काम आहे.

---

ग्रंथपाल_तालुका

७:१२, पेन्सिल असेल तर आमचं काही म्हणणं नसतं. पेन मात्र नको. आणि ती वंशावळ पुढच्या वाचकाला फार उपयोगी पडेल हे एक ग्रंथपाल म्हणून सांगतो.

पंचगंगाताई, तुमच्या लेखातल्या चष्म्याच्या डबीनं हललो. आमचं वाचनालय तालुक्याचं, 'ब' वर्गातलं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. अनुदान वर्गाप्रमाणं ठरतं आणि त्यात पुस्तकं, वीज, पगार सगळं बसवायचं. ज्येष्ठ सभासद येतात, पुस्तक हातात घेतात, पहिलं पान उघडून लांब धरतात आणि काही न बोलता परत ठेवतात. का ठेवलं ते मी आजवर विचारलं नाही. "दुसरं बघतो" म्हणतात आणि वर्तमानपत्राच्या टेबलापाशी जाऊन बसतात. पुढच्या महिन्यात वर्गणी भरायला येत नाहीत. आपण समजतो त्यांची आवड संपली.

तुमचा लेख वाचून काल असं करून पाहिलं: दुपारी तीनला, जेव्हा कुणी नसतं, तेव्हा पेपरच्या टेबलावर बसलेल्या तिघांना विचारलं, एक कथा वाचू का. वाचली. आज पाच जण होते. माडगूळकरांपासूनच सुरुवात केली आहे, कारण वाक्य आटोपशीर आणि माणसं ओळखीची.

---

रात्रपाळी

लेख आवडला. एक शंका मात्र मनापासून विचारतो. मी कारखान्यात रात्रपाळीला असतो. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता कानात लावून पुस्तकं ऐकतो. या सहा महिन्यांत अकरा ऐकली. मित्र म्हणतात, ऐकलेलं ते वाचलेलं नव्हे, वहीत धरू नकोस. ताईंच्या आईही ऐकतच आहेत ना? मग त्यांचं वाचन झालं आणि माझं नाही, हे कसं? आणि दुसरं, आईंना तुम्ही ऑडिओ का लावून देत नाही? तुमचा घसा वाचेल, आणि तुम्ही घरात नसतानाही त्यांची दुपार जाईल.

---

पंचगंगा

रात्रपाळी, अकराही वहीत धरा. मी तरी धरीन.

ऑडिओ लावून बघितला होता, फेब्रुवारीत, मला आठवडाभर गावाला जायचं होतं तेव्हा. वाचणाऱ्याचा आवाज सुंदर होता, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. परत आल्यावर विचारलं तर आई म्हणाली, "माणूस चांगला हाय, पण थांबत नाही." तिला मध्येच बोलायचं असतं. मीठ किती उरायचं हे तिला तिथल्या तिथं विचारायचं असतं. फोनला थांबवायला पडद्यावर नेमकं कुठं बोट लावायचं ते तिला दिसत नाही, आणि तेवढ्यात गोष्ट पुढं निघून गेलेली असते. मग तिनं ऐकणंच सोडलं आणि आठवडाभर माझी वाट बघितली.

---

रात्रपाळी

समजलं. पण ज्यांच्या घरी साडेसातला बसणारं कुणी नाही त्यांच्यासाठी तो न थांबणारा माणूसही फार मोठा आधार असतो, एवढं नोंदवून ठेवा. आमच्या बसमध्ये पहाटे साडेपाचला सगळे झोपलेले असतात, बाहेर काळोख असतो, आणि माझ्या कानात कुणीतरी मराठीत बोलत असतं. चार वर्षांच्या रात्रपाळीत माझी भाषा त्यानंच जिवंत ठेवली. नाहीतर दिवसभर झोप आणि रात्रभर मशीन.

आणि फोनचं म्हणाल तर आवाज कमी-जास्त करायची बटणं बाजूला असतात, ती हाताला लागतात. साध्या वायरवाल्या इअरफोनवर मधलं एक बटण असतं, ते दाबलं की थांबतं, परत दाबलं की सुरू. माझ्या मावशीला तोच आणून दिला. त्यांना बघायची गरज पडत नाही, बोटाला समजतं.

---

पंचगंगा

हे मला सुचलंच नव्हतं. उद्याच आणते. आणि तुमचं आधीचं म्हणणं पूर्ण मान्य. मी फक्त माझ्या आईपुरतं बोलत होते.

---

टिळकवाडी

'वनवास'चा विषय ताईंनी खाली ढकलला, म्हणून मी वर काढते. मी बेळगावची. 'वनवास'मधला मुलगा लंपन मोठ्यानं वाचायचा असेल तर एक विनंती, पुण्याच्या सुरात वाचू नका. आमच्याकडं वाक्याचा शेवट वर जातो. कन्नड शेजार आहे, कानडी बोलणाऱ्या घरात आमचं अर्धं बालपण गेलं, तो सूर त्या पुस्तकात जागोजाग आहे. प्रकाश नारायण संत कराडला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होते, दगडमातीचे जाणकार. पण कान त्यांनी आमच्याच गल्लीत ठेवला होता. लंपन "मॅडसारखं" म्हणतो तो 'मॅ' लांब आहे. आखूड म्हटलात तर तो मुलगा दुसराच होतो.

मी यंदा 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' ओळीनं चौथ्यांदा वाचली. नवीन काही वाचलं नाही. मला त्याची खंत नाही. वडील गेले मार्चमध्ये. लंपनचे आजी-आजोबा ज्या घरात आहेत तिथं मला जाऊन बसायचं होतं, बस्स.

---

पंचगंगा

टिळकवाडी, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. काय बोलू.

लांब 'मॅ' आईला ऐकवला. आम्ही लंपनच्या मैत्रिणीची, सुमीची एक कथा पुन्हा वाचली, शेवट वर नेत. तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. मी इतके दिवस त्याला कोल्हापूरचा करून टाकला होता.

---

इसार_किनारी

म्युनिकहून लिहितेय. आमच्याकडं वाचणारी आजी नाशिकला आणि ऐकणारा नातू इथं. दर रविवारी व्हिडिओवर अर्धा तास. तिची दुपार, आमची सकाळ. जानेवारीपासून 'फास्टर फेणे' चाललंय. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा, हे आमच्या आठ वर्षांच्या मुलानं वर्गात जर्मनमध्ये सांगितलं आणि नकाशावर फुरसुंगी दाखवायचा हट्ट धरला. बाईंनी दाखवली. आता वर्गातली दोन जर्मन पोरं फेणेसारखं 'ट्टॉक्' करतात.

अडचण एकच. त्याला ऐकलेलं सगळं कळतं, वाचता मात्र येत नाही. अक्षरओळख आहे, जोडाक्षरापाशी अडतो. पंचगंगा, तुम्ही आईंसाठी जे करताय ते माझ्या सासूबाई याच्यासाठी करताहेत, पण मला वाटतं एके दिवशी त्यानं उलट आजीला वाचून दाखवावं. त्यांचे डोळेही आता थकत चाललेत. कुणाला सुचतंय का काही?

---

ग्रंथपाल_तालुका

इसार किनारी, 'किशोर' मासिक. १९७१ पासून निघतंय, बालभारतीचं. अक्षर मोठं, गोष्टी दोन-तीन पानांच्या. पूर्ण गोष्ट देऊ नका. आजीनं एक परिच्छेद, त्यानं एक ओळ. ओळ चुकली तरी आजींनी दुरुस्त करायची नाही, फक्त पुढचा परिच्छेद वाचताना तो शब्द नीट म्हणायचा. आमच्याकडं सुट्टीतल्या मुलांवर करून पाहिलंय, चालतं.

---

मूकवाचक_धारवाड

जीएंबद्दल मतभेद नोंदवतो. मी धारवाडचा, त्यांनी ज्या गावात आयुष्य काढलं तिथला. आम्ही तिघे मित्र महिन्यातून एकदा जमतो आणि त्यांची एक कथा मोठ्यानं वाचतो, गेली तीन वर्षं. पहिल्या वेळी अवघड जातं हे खरं. प्रतिमा एकावर एक येतात, ऐकणारा पहिलीपाशी असतो तोवर वाचणारा तिसरीवर. उपाय म्हणजे वेग अर्ध्यावर आणायचा. परिच्छेद संपला की थांबायचं, चहाचा एक घोट घेण्याइतकं. त्या वेळात कथा खोलीत उतरते. 'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तो त्यांनी परत केला. आतल्या आत राहणारा माणूस. त्यांचं लेखन चारचौघांत वाचू नये असं वाटणं स्वाभाविक आहे. तरी एकदा करून पाहा. आईंबरोबर नाही तर मैत्रिणीबरोबर.

---

पंचगंगा

अर्धा वेग. करून बघते. मत अजून बदललेलं नाही, पण तिसऱ्यांदा प्रयत्न करीन.

---

शिवसागर

'रिंगाण'बद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

मी सहा महिन्यांत तीनच पुस्तकं वाचली, त्यातलं हे मधलं. कृष्णात खोतांना २०२३ चा साहित्य अकादमी मिळाला तेव्हा घेऊन ठेवलं होतं, उघडायचं धाडस होत नव्हतं. कारण आमचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. मी पुनर्वसनातल्या गावठाणात जन्मलो. आमच्याकडं "गाव" म्हटलं की दोन गावं असतात, एक राहतो ते आणि एक म्हातारी माणसं बोलतात ते.

पुस्तकात धरणामुळं उठलेल्या गावातला माणूस मागं राहिलेल्या म्हशीला आणायला परत जातो. म्हैस तोवर रानटी झालेली. एवढीच गोष्ट आहे म्हटलं तर. पण मला प्रत्येक पानावर थांबावं लागलं. जनावर कुठलं माणसाचं आणि कुठलं जंगलाचं, हे कोण ठरवतं? आमच्यातली कितीतरी माणसं अशीच मागं गेली होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या देवळाचा कळस दिसतो का बघायला. आजोबा दरवर्षी जायचे. काय बघितलं ते घरी आल्यावर सांगायचे नाहीत, दोन दिवस जेवायचे कमी.

मी मोठ्यानं वाचलं नाही. घरात आजी आहे, ८६ वर्षांची. तिच्यापुढं ते वाचायची माझी छाती झाली नाही. पंचगंगा, तुम्ही आईंना 'रिंगाण' वाचून दाखवलंत, त्या काय म्हणाल्या?

---

पंचगंगा

शिवसागर, तुम्हाला उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण मी आधी हा सगळा धागा आईला वाचून दाखवला. तीन संध्याकाळी गेल्या. तिनं प्रत्येकाला निरोप दिलाय, तिच्याच शब्दांत लिहिते.

७:१२ ना: "ती पेन्सिलवाली माणसं भली. देव बरं करो."

ग्रंथपालांना: "तीनच्या वक्ताला म्हाताऱ्यांना डुलकी येती. चारला वाचा."

रात्रपाळींना: बटणवाला इअरफोन आला. अंगठ्यानं थांबवते, माझ्याशी बोलते, परत दाबते. तुम्हाला म्हणालीय, "जेवण वेळेवर घे रं बाबा."

टिळकवाडींना निरोप दिला नाही. गप्प बसली, मग म्हणाली, "तिला सांग, मी बी वडील गेल्यावर एकच पोथी वर्षभर वाचत हुते."

म्युनिकच्या नातवाला: "जोडाक्षर आलं की शिट्टी वाजवावी आन् पुढं जावं. येतंय आपसूक."

आता 'रिंगाण'. वाचताना ती फारशी बोलली नव्हती. अधेमधे "हां" म्हणायची. बोलीभाषा तिच्या कानाची, मला एकही शब्द फोडून सांगावा लागला नाही. संपलं तेव्हा म्हणाली, "म्हस बरोबर वागली." त्यापलीकडं काही नाही. पण तुमचं वाचून दाखवल्यावर तिनं दोनदा तुमच्या आजींचं वय विचारलं. काल सकाळी देवपूजा करताना एकदम मला हाक मारली आणि म्हणाली, "त्या पोराला ईचार, गाव सोडताना त्यांच्या आजीनं जात्याचं काय केलं?"

विचारावं की नाही कळत नव्हतं. ती सारखी विचारतेय, लिहिलंस का. म्हणून लिहिलं.

---

शिवसागर

काल रात्री आजीपाशी बसलो आणि विचारलं. पुस्तकाचं काही बोललो नाही, एवढाच प्रश्न विचारला.

पाणी चढायला लागलं तेव्हा ती नुकती लग्न होऊन आली होती. सामान भरायला गाडीत जागा थोडी. सासरे म्हणाले, दगड कशाला न्यायचे, तिकडं नवीन घेऊ. ती ऐकेना. शेवटी दोन्हींतला वरचा दगड तेवढा आणला, खालचा तिथंच जमिनीत पुरलेला राहिला.

तो दगड आमच्या परसात आहे. मी लहानपणापासून त्याच्यावर बसून पाय धुतो. आज सकाळी त्याच्या मधल्या भोकात साठलेलं पाणी काढलं आणि उचलून तुळशीपाशी ठेवला. आजी पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "कोण बाई गं ती, विचारणारी?"

मी तुमच्या आईंचं सांगितलं. संध्याकाळी तिला 'रिंगाण'चं पहिलं पान वाचून दाखवलं. दुसरं उद्या.